चित्रकाराचं नाव कुठे छापलंय?

तूवे यान्सनला १९६६ साली हान्स ख्रिस्तियन अँडरसन पुरस्कार मिळाला तो लेखक म्हणून. मुमिनचं ते गुबगुबीत, पाणघोड्याच्या नाकाचं घराणं जिने स्वतःच्या शाईने जगात आणलं, तिला! चित्रकारांसाठीचं वेगळं पदक त्याच वर्षी सुरू झालं होतं. ते स्वित्झर्लंडच्या अलॉइस कारिजिएला गेलं. चार वर्षांनी मॉरिस सेंडकच्या बाबतीत उलटी गंमत झाली. गोष्टीही त्याच्या, चित्रंही त्याचीच, पण पदक चित्रकाराचं. लेखकांना हा मान १९५६ पासून होता, चित्रकार दहा वर्षं दाराबाहेर उभे होते, हेही जाता जाता नोंदवून ठेवू. बालसाहित्यातला जगातला सर्वांत मानाचा जीवनगौरव एकसंध पुस्तकाचे दोन तुकडे करून दोन ताटांत वाढतो, आणि याचं कुणाला फारसं काही वाटत नाही.

जुना हिशेब आज उकरून काढायचं कारण मात्र घरचं आहे. सध्या मराठीत मुलांसाठी जी पुस्तकं येतायत, त्यांतल्या काहींतली चित्रं कुणीच काढलेली नाहीत. ती यंत्राकडून काढून घेतली आहेत. मुलाच्या हाताला सहा बोटं, आजीच्या नऊवारीला ना काष्टा ना पदर, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर टूथपेस्टच्या जाहिरातीतलं हसू. आत श्रेयनामावलीत लेखक आहे, अक्षरजुळणी आहे, मुद्रक आहे. चित्रकाराच्या जागी कोरं. प्रकाशकाला हे करायला लाज वाटली नाही, कारण ती जागा आपल्याकडे आधीपासूनच जवळजवळ कोरी होती.

तात्पर्याच्या गोष्टी, थोरांची बालपणं आणि यमकात बसवलेला पाऊस यांबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. ते चालू आहे, चालू राहील.

लिहायचं आहे ते चित्रपुस्तकाच्या वेगळ्या वाटेबद्दल, आणि मराठीत ती वाट म्हणजे प्रामुख्याने लेखिका-चित्रकार माधुरी पुरंदरे. ‘राधाचं घर’ घ्या. मजकूर म्हणाल तर नावाला. पण त्या घरात राहणारी माणसं एकमेकांशी कशी वागतात, कोण कुणाचं ऐकतं, कोण कुणाला गुपचूप सांभाळून घेतं, हे सगळं चित्रांत आहे. ‘बाबांच्या मिश्या’मध्ये अनूला बाबांच्या मिशीचं वेड, एवढंच कथानक. यातून उपदेश काढायला गेलात तर हाती काही लागत नाही, आणि चित्रं काढून टाकलीत तर पुस्तकच उरत नाही. ‘चित्रवाचन’मध्ये तर त्यांनी शब्दांना जवळजवळ रजाच दिली: माणसांनी भरलेली पानं, मुलाने बघायची, बोट ठेवायचं, बोलायचं. वाचनाची सुरुवात अक्षरांच्या आधी होते हे शिक्षणशास्त्राची पुस्तकं बजावून सांगतात. पुरंदऱ्यांनी ते करून दाखवलं.

त्यांच्या रेषेबद्दल मराठीत किती कमी लिहिलं गेलंय! ती गोंडस नाही. त्यांची मुलं वेडीवाकडी बसतात, केस विस्कटलेले असतात. मोठी माणसं कधी दमलेली, कधी वैतागलेली दिसतात. घरात पसारा असतो, आणि तो पसारा आपला असतो. कुठल्याशा परदेशी पुस्तकातून उचललेला नसतो. आपलं घर पुस्तकात येण्याच्या लायकीचं आहे, हे मराठी मुलाला या चित्रांनी सांगितलं. कुठल्याही संवादाने ते इतक्या सहज सांगितलं नसतं. अशी रेषा नुसत्या कौशल्याने येत नाही. माणसांकडे वर्षानुवर्षं टक लावून बघितल्यावर ती येते, आणि यंत्राला नेमकं तेच बघणं नाही.

आता या बाईंना मिळालेले सन्मान पाहा. २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार, एकूण योगदानासाठी. उत्तमच. पण २०१० साली सुरू झालेल्या या पुरस्कारात चित्रकारासाठी विभागच नाही. चोवीस भाषा आहेत, रेषा नाही. २०१६ साली टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’ने बिग लिटिल बुक अवॉर्ड सुरू केलं. इथे चित्रकाराला बरोबरीचं स्थान होतं, त्याबद्दल त्यांचं कौतुक. पहिल्याच वर्षी चित्रकाराचा मान अतनू रॉय यांना गेला आणि लेखकाचा माधुरी पुरंदरे यांना. म्हणजे यान्सनचीच गोष्ट, पन्नास वर्षांनी. अतनू रॉय त्या मानाला पुरेपूर पात्र आहेत, वाद त्यांच्याशी नाही. वाद त्या कात्रीशी आहे.

राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाचे विभाग आहेत काव्य, नाटक-एकांकिका, कादंबरी, कथा, सर्वसामान्य ज्ञान आणि संकीर्ण. चित्रपुस्तक यांपैकी कशात घालायचं? संकीर्णात, दुसरं काय. बालकवी, साने गुरुजी, राजा मंगळवेढेकर, भा. रा. भागवत, यदुनाथ थत्ते, ना. धो. ताम्हणकर अशी मोठी नावं या पुरस्कारांना दिली आहेत. सगळे लेखक. पुरस्काराला नाव द्यावं असा एकही चित्रकार महाराष्ट्राला सापडला नाही? जे. जे. कलाशाळा ज्या राज्यात आहे, त्या राज्याला?

‘चांदोबा’ वाचलेल्या कुणालाही विचारा, विक्रम आणि वेताळ कसे दिसतात ते. हातात तलवार, खांद्यावर प्रेत, रात्रीचं स्मशान: हे दृश्य शंकर यांच्या, म्हणजे के. सी. शिवशंकरन यांच्या हातचं. पिढ्यान् पिढ्यांच्या डोक्यात ते कोरलं गेलंय, आणि गोष्टी लिहिणाऱ्याचं नाव कुणालाच आठवत नाही, हा काव्यगत न्याय म्हणा हवं तर. शंकर २०२० साली वारले, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी. पद्मश्री जाहीर झाली २०२१ साली. जीवनाचा गौरव करायला आपल्याला सहा-सात दशकं पुरली नाहीत.

यावर ठरलेलं उत्तर येतं: मराठी पुस्तक जगापुढे पोचणार कसं, अनुवाद नाहीत, परीक्षकांना भाषा येत नाही. अँडरसन पुरस्कारासाठी तो देणाऱ्या संस्थेची प्रत्येक देशातली शाखा एक लेखक आणि एक चित्रकार सुचवू शकते. २०२४ पर्यंत एकाही भारतीयाला तो मिळालेला नाही. लेखकाच्या बाबतीत अनुवादाची अडचण खरी धरू. चित्रकाराच्या बाबतीत काय? १९७४ साली इराणच्या फर्शीद मेसघालीला चित्रकाराचं पदक मिळालं, ते परीक्षकांना फारसी येत होती म्हणून नव्हे. समद बेहरंगीच्या छोट्या काळ्या मासोळीची त्याने काढलेली चित्रं पुरेशी बोलकी होती. त्याच्या मागे तेहरानची ‘कानून’ ही संस्था होती. मुलांची वाचनालयं, प्रकाशन, चित्रपट सगळं तिने एका छपराखाली आणलं आणि चित्रकारांना काम दिलं. अब्बास किआरोस्तमीने पहिले चित्रपट तिथेच केले. दक्षिण कोरियाच्या सूझी ली यांना २०२२ साली पदक मिळालं. त्यांच्या ‘वेव्ह’ या पुस्तकात एक शब्द नाही. तेव्हा भाषेचं कारण पुढे करू नये. आपण चित्रकार घडू दिले नाहीत. एकरकमी मानधन हातावर ठेवायचं, आवृत्त्या निघत राहिल्या तरी पुन्हा विचारायचं नाही, आणि चौथ्या पानावर बारीक अक्षरांत नाव. अशा धंद्यात कोण चाळीस वर्षं टिकेल? आणि टिकलाच नाही तर जीवनगौरव कुणाला द्याल?

म्हणून माझं म्हणणं असं, की जीवनगौरव देणाऱ्या संस्थांनी काही काळ लेखकांना विश्रांती द्यावी. चित्रपुस्तकाला एकच पुरस्कार असावा, कापाकापी न करता. लेखक आणि चित्रकार दोन व्यक्ती असतील तर दोघांना मिळून. ज्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर चित्रकाराचं नाव लेखकाच्या नावाइतक्याच आकारात नाही, ते स्पर्धेत घेऊच नये. प्रथम बुक्ससारखे प्रकाशक मुखपृष्ठावर दोन्ही नावं देतात, त्यांचं काही अडलं नाही. आणि मानधनाऐवजी दोघांत विभागलेली रॉयल्टी ही अट घालावी. लेखक नाराज होतील म्हणतात. होऊ देत.