पटण्याची सक्ती

परेश मोकाशींचा ‘मु. पो. बोंबिलवाडी’ १ जानेवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हापासून एकच आक्षेप ऐकतो आहे : १९४२च्या कोकणातल्या खेड्यात हिटलरचं काय काम? प्रशांत दामले हिटलर झालेत, एवढं पाहिल्यावर तरी हा प्रश्न मुकाट्याने गिळायला हवा होता. पण ‘पटत नाही’ म्हटलं की आपल्याकडे सिनेमाची समीक्षा पूर्ण होते. माझंही या सिनेमाशी भांडण आहे, पण उलट्या बाजूने. एवढी मोठी थाप मारल्यावर तिला राबवायला नको? हिटलर येतो, हशा वसूल करतो आणि थापेची नोकरी तिथेच संपते.

थाप राबवायची कशी, हे बघायचं तर मकरंद अनासपुरेंचा २००७चा ‘जाऊ तिथे खाऊ’ पुन्हा काढावा. शेतकऱ्याची विहीर चोरीला जाते. विहीर! पण सरकारी कागदांवर ती खणून, बांधून पूर्ण झालेली आहे, आणि शेतात तिचा पत्ता नाही. मग चोरीची तक्रार नोंदवण्यावाचून मार्ग कोणता? तक्रार खोटी ठरवायची तर विहीर मुळात नव्हतीच हे कबूल करावं लागेल, आणि ते कबूल केलं की सह्या ठोकणारे सगळेच गोत्यात. सिनेमा काही जागी ओबडधोबड आहे, पण एका असंभव वाक्यानंतर त्यातलं प्रत्येक पाऊल नियमाला धरून पडतं. श्याम बेनेगलांचा ‘वेल डन अब्बा’ (२०१०) याच नसलेल्या विहिरीभोवती फिरतो, तो उगाच नाही.

ही रीत आपल्याला परकी नाही. ‘गाढवाचं लग्न’ या वगातलं गाढव राजकन्येला मागणी घालतं, ते बोलतं कसं, असं दादू इंदुरीकरांना तंबूतल्या कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. वगाच्या प्रेक्षकाने थाप पहिल्या पाच मिनिटांत मान्य केलेली असते. त्याचं लक्ष पुढे असतं : राजा आता काय करतो, प्रधान कुणाची बाजू घेतो, शिपाई कुणाकडून पैसे खातो.

मी हे लिहितोय त्या गुजरातेतल्या पलसाण्यात मुंबई-अहमदाबाद हमरस्ता आणि धुळ्याकडून येणारा रस्ता एकमेकांना छेदतात. इथल्या डाइंग-प्रिंटिंगच्या मिलांत राबणाऱ्या खानदेशी माणसाला वग घरचा आणि भवाई, म्हणजे गुजरातचं लोकनाट्य, शेजारची. म्हणूनच केतन मेहतांचा ‘भवनी भवाई’ (१९८०) मराठी समीक्षेने आपला मानला नाही, याचं मला इथे बसून जास्तच वाईट वाटतं. राजाने खणलेल्या वावेला, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीला, पाणी लागत नाही, आणि बत्तीस लक्षणांच्या माणसाचा बळी दिला तर लागेल, असं ठरतं. कुठल्याही कसोटीवर न पटणारं कथाबीज. मेहता ते पटवण्याच्या भानगडीतच पडत नाहीत. सिनेमा अर्पण केलाय तो भवाईचे आद्य पुरुष असाईत ठाकर, ब्रेख्त आणि ‘अॅस्टेरिक्स’वाले गोसिनी यांना, नसिरुद्दीन शाहांचा राजा चित्रकथेतून उठून आल्यासारखा वागतो. या सगळ्या सोंगात एक गोष्ट मात्र सोंग नाही : अस्पृश्यांच्या गळ्यातलं मडकं आणि कमरेमागचा झाडू. मराठी माणसाला ते पेशवाईतून ठाऊक आहे. मोहन गोखल्यांचा जीवो बळी जायला तयार होतो, पण हे मडकं-झाडू जाणार असतील तरच. म्हणजे कोरड्या वावेच्या थापेतून एक खराखुरा सौदा वर येतो, आणि तो वास्तववादी सिनेमाला इतक्या उघडपणे मांडताच आला नसता. शेवट तर दोन : एक गोड, आणि तो नाकारून दाखवलेला दुसरा, रक्ताचा. थाप मेहतांनी सुरुवातीलाच मारली. शेवटाला ते थाप मारायला तयार नाहीत.

इथेच बाकीचे गडबडतात. ‘कांजी विरुद्ध कांजी’ या गुजराती नाटकावरून आलेला ‘ओह माय गॉड’ (२०१२) विमा कंपनीच्या एका खऱ्याखुऱ्या कलमावर देवाला कोर्टात खेचतो. कल्पना अफाट, पूर्वार्ध कडक. मग साक्षात देव मोटारसायकलवरून येतो, चमत्कार करतो, आणि ज्याच्यावर खटला भरला तोच तारणहार ठरतो. उलट ‘जाने भी दो यारों’त (१९८३) एक प्रेत द्रौपदी होतं, तरी अखेरीस निरपराध पोरंच तुरुंगात जातात. माफी नाही, दिलासा नाही. सिनेमा पडतो तो लेखकाचं धैर्य सुटतं तिथे. अशक्य कथाबीजावर त्याचं खापर फोडणं अन्याय आहे.

‘वळू’ आणि ‘देऊळ’ चांगलेच आहेत, पण त्यांच्या यशाने मराठी विडंबन वास्तवाच्या वेशीबाहेर गेलं की बिघडतं असा समज पसरवला. ‘झपाटलेला’च्या वळणाचे सिनेमे मी यात धरत नाही. संदेशवाले विनोदी सिनेमे सगळ्यांना पटतात आणि कुणालाच बोचत नाहीत.

‘प्रत्यक्षात तर याहून अचाट घडतं’ असं म्हणून थापेचा बचाव करणारेही आहेत, आणि त्यांच्यापाशी माल भरपूर आहे. जुलै २०२२मध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावात शेतमजुरांना जर्सी घालून खोटं आयपीएल खेळवलं गेलं, हर्षा भोगल्यांच्या आवाजाची नक्कल करणारा समालोचक बसवला, आणि रशियातल्या लोकांनी त्यावर पैसे लावले. आमच्या गावाकडच्या वाटेवर नवापूरचं रेल्वे स्टेशन लागतं : तिकीटखिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरची कचेरी गुजरातेत. दारूबंदी पाळायची की नाही हे तुम्ही फलाटाच्या कुठल्या टोकाला उभे आहात त्यावर.

गमतीदार आहे हे. पण हा बचाव मला मंजूर नाही, कारण तो आक्षेपकाचीच अट मान्य करून बसतो. विडंबनाने आधी वर्तमानपत्राचं कात्रण दाखवावं आणि मग हसवावं, असा त्याचा अर्थ होतो. बातमी मात्र सापडलेल्याचीच होते. मोलीपूरची टोळी सापडली म्हणून आपण हसलो. जो सापडलेला नाही, ज्याच्या कागदावरच्या सह्या बिनचूक आहेत, त्याच्याविरुद्ध पुरावा नसतो. म्हणूनच तर विहीर चोरीला गेली असं म्हणावं लागतं. पुरावा असता तर सिनेमा कशाला, फिर्याद केली असती.

चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) लोकशाहीर नारायण कांबळेवर आरोप आहे की त्याचं गाणं ऐकून एका गटारसफाई कामगाराने जीव दिला. मेलेल्याच्या बायकोच्या साक्षीतून कळतं, तो आत उतरण्याआधी खडा टाकून झुरळं बाहेर येतात का ते बघायचा. अंगावर संरक्षणाचं काही नसायचं. म्हणजे मरण कुठून आलं हे समोर पडलेलं असतं, तरी सरकारी वकील गाण्याचाच शब्दशः अर्थ लावत बसतात. वीरा साथीदारांचा कांबळे पुरता अडकतो तो या शब्दशः वाचनात. ‘हे असं घडू शकतं का’ असं विचारत थिएटरातून बाहेर पडणाऱ्या समीक्षकाने आपण या खटल्यात कुठल्या बाजूला उभे आहोत, ते एकदा तपासून बघावं. मला तर तो सरकारी वकिलाच्याच शेजारी दिसतो.