कवितेतला सूर्य आणि पत्र्यावरचं ऊन

गेल्या उन्हाळ्यात सोलापुरात एका कविसंमेलनाला गेलो होतो. विषय पर्यावरण. पाहुणे प्राध्यापक म्हणाले, माणूस निसर्गापासून तुटला आहे, कवीनं झाडाकडं, पाखराकडं परत जावं, लढायची प्रेरणा तिथं मिळेल. टाळ्या पडल्या. मी रात्रपाळी करून आलेलो, डोळे चुरचुरत होते. मनात आलं, कोण तुटला निसर्गापासून? आमची वस्ती तर ४४ अंशांत निसर्गाच्या तोंडातच बसलीय.

मराठी निसर्गकवितेवर माझा राग आहे तो शब्दांसाठी नाही. शब्द गोडच आहेत. राग आहे तो कवी जिथं बसून लिहितो त्या जागेवर. तो खिडकीत बसतो. खिडकीतनं पाऊस दिसतो, ते पाणी कुणाच्या हंड्यात जातं ते दिसत नाही. पाणवठे तर या कवितेत किती! पण त्याच पाणवठ्यावर आमच्या पणज्या लांब उभ्या राहून कुणी पाणी वाढतंय का म्हणून वाट बघायच्या. त्या कुठल्या ओळीत आल्या?

पण दोस्तांनो, दुसऱ्याला झोडपणं सोपं. आता आपल्या घरात बघू.

आपल्या कवितेत सूर्यच सूर्य. बाबासाहेब सूर्य, विद्रोह सूर्य, उद्याची सकाळ सूर्य. मी माझी वही मोजली, अकरा कवितांत सूर्य निघाला. ज्यांनी तो पहिल्यांदा लिहिला त्यांनी अंधार भोगला होता, त्यांचा सूर्य खरा होता. आमचा जयंतीच्या पोस्टरवरनं उचललेला. आणि दुपारी बारा ते पाच पत्र्याच्या खोलीत जो सूर्य माझ्या आईला भाजून काढतो, तो अकरातल्या एकाही कवितेत नाही. ही माझी चोरी आहे, मी कबूल करतो.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. सूत तुटू नये म्हणून खात्यात हवा दमट ठेवतात. किती दमट, ते बघायला भिंतीवर यंत्र आहे, त्याची नोंद पाळीपाळीला होते. सुताला काय सोसतं ते लिहून ठेवलं जातं, माणसाला काय सोसतं ते कुणी लिहीत नाही. पृथ्वी तापतेय म्हणतात, खरंय. पण सगळ्यांवर सारखी तापत नाही, आणि तापली कुणावर ते कुठल्या वहीत येत नाही.

आपल्यातल्या दया पवारांनी ही वही उघडली होती. धरणावर राबणाऱ्या बाईची त्यांची कविता बघा. घाम तिचा, हिरवळ दुसऱ्याच्या दारी. तिथं धरण प्रतीक म्हणून येत नाही, हिशेब म्हणून येतं. म्हणून ती कविता बायकांच्या तोंडी गाणं होऊन राहिली. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला होती. पुढं १९८० साली उजनी धरण झालं, ११७ टीएमसीचं. पाणी आलं, ऊस आला, साखर कारखाने आले. धरणाच्या जिल्ह्याचं हे शहर मात्र कित्येक वर्षं चार-चार दिवसांनी येणाऱ्या नळाची वाट बघत बसलं. पाणी कमी होतं हे अर्धं खरं. ते कुणाला द्यायचं ते आधीच ठरलं होतं, हे दुसरं अर्धं.

ही दुसरी गोष्ट आपल्याला महाडनं शिकवली. मुंबई कायदेमंडळाचा ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा १९२४ चा. तळं कागदावर खुलं झालं, ओंजळीत पाणी आलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांबरोबर लोक चालत गेले आणि ते प्याले. मागनं सनातन्यांनी शेण-गोमूत्र घालून तळं शुद्ध केलं. शेणानं शुद्ध होणारं पाणी माणसाच्या हातानं बाटतं म्हणे! हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. आपण महाडला दरवर्षी हार घालतो. तो पाण्याचा लढा होता, तो संपलेला नाही, हे मात्र विसरतो.

पँथरनं नाव अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरनं घेतलं. त्याच देशात १९८२ साली वॉरन काउंटीत विषारी माती आपल्याच वस्तीशेजारी का पुरता म्हणून काळी माणसं ट्रकांपुढं आडवी पडली. त्याच साली मुंबईत गिरण्यांचा संप झाला. संपातले खानापूर तालुक्यातले कामगार सांगलीकडं आपल्या गावी आले, तर गावात दुष्काळ. त्यातनं मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळा नदीवर बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधलं. नियम दोन: पाण्यात भूमिहीनाचाही वाटा, आणि त्या पाण्यावर ऊस नाही. गिरणीतल्या माणसांनी सुरू केलेल्या लढ्यातनं हे झालं. प्राध्यापकसाहेब, प्रेरणा शोधताय ना? ही घ्या. पाखराला विचारायची गरज नाही.

झाडं लावू नका असं मी म्हणत नाही. लावा, पण ज्या वस्तीत सावली नाही तिथं आधी लावा, आणि त्याला पाणी कुठनं येणार ते आधी विचारा.

आपल्या कवींना एवढंच सांगणं. येत्या मे महिन्यात प्रत्येक वस्तीत एक वही ठेवा. नळ कधी आला, किती वेळ आला, दुपारी खोलीत किती अंश होते, कोण चक्कर येऊन पडलं, तारखेसकट लिहा. हीच वही घेऊन महापालिकेत जाता येईल, आणि हिच्यातनंच कविता लिहिता येईल. माझी वही मी सुरू केलीय. त्या अकरा कविता फाडल्या नाहीत, पण कुठं वाचणारही नाही.

जय भीम.