शासकीय खर्चाचे आलेखन : ‘रुपया कोठे जातो’ या चित्राची चिकित्सा

१

शासनाच्या जमाखर्चाचे आकडे रेषांनी व आकृतींनी दाखविण्याची प्रथा आकडेशास्त्राच्या इतर अनेक पद्धतींपेक्षा जुनी आहे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने १७८६ मध्ये आपला व्यापारी व राजकीय ‘ॲटलास’ प्रसिद्ध केला. त्यात इंग्लंडच्या आयात-निर्यातीच्या आलेखांबरोबरच राष्ट्रीय कर्जावरील व्याजाचाही आलेख होता. वर्तुळाचे विभाग पाडून भाग-संपूर्ण संबंध दाखविण्याची युक्तीही त्याचीच. ती त्याने १८०१ मधील ग्रंथात प्रथम योजली. आज शासकीय खर्च म्हटला की नागरिकाच्या डोळ्यांपुढे जे वर्तुळ उभे राहते, त्याचे मूळ तेथे आहे.

भारताच्या केंद्रीय अंदाजपत्रकाबरोबर दर वर्षी ‘बजेट ॲट अ ग्लान्स’ ही पुस्तिका प्रसिद्ध होते. तीत ‘रुपया कोठून येतो’ व ‘रुपया कोठे जातो’ अशी दोन चित्रे असतात. अंदाजपत्रकाचे मूळ दस्तऐवज फार थोडे लोक वाचतात. ही दोन चित्रे मात्र दुसऱ्या दिवशीच्या बहुतेक वृत्तपत्रांत छापली जातात. सार्वजनिक वित्तव्यवहाराविषयी सुशिक्षित नागरिकाची जी समजूत असते, तिचा मोठा अंश या चित्रांनी घडविलेला आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. म्हणूनच वाङ्मयकृतीची चिकित्सा करावी तितक्याच काळजीने या चित्रांची चिकित्सा करणे अगत्याचे ठरते. चित्र खोटे आहे काय, हा तिचा प्रश्न नव्हे. चित्राने कोणते प्रश्न विचारू दिले आणि कोणते विचारू दिले नाहीत, हा तिचा खरा प्रश्न होय.

२

२०२५-२६ च्या अंदाजपत्रकातील चित्र प्रथम पाहावे. त्यानुसार एका रुपयापैकी २२ पैसे करांतील राज्यांच्या वाट्याकडे, २० पैसे व्याजाकडे, १६ पैसे केंद्रीय योजनांकडे, ८ पैसे केंद्रपुरस्कृत योजनांकडे, ८ पैसे संरक्षणाकडे, ८ पैसे वित्त आयोगाची अनुदाने व इतर हस्तांतरणे यांकडे, ६ पैसे अर्थसाहाय्याकडे, ४ पैसे निवृत्तिवेतनाकडे आणि उरलेले ८ पैसे इतर खर्चाकडे जातात. बेरीज बरोबर शंभर येते. वाचकाचे समाधान होते आणि तो पान उलटतो.

परंतु हा रुपया कोणता? त्याच अंदाजपत्रकात केंद्र शासनाचा एकूण खर्च सुमारे ५०.६५ लाख कोटी रुपये दिला आहे आणि व्याजाची रक्कम सुमारे १२.७६ लाख कोटी. भागाकार केला तर प्रमाण २५ टक्क्यांहून किंचित अधिक येते. चित्रात ते २० आहे. ही विसंगती गणिताच्या चुकीतून आलेली नाही. संविधानाच्या अनुच्छेद २७० नुसार वाटल्या जाणाऱ्या करांतील राज्यांचा वाटा केंद्राच्या खर्चाच्या बेरजेत धरला जात नाही. तो स्थूल करउत्पन्नातून आधीच वजा होतो. २०२५-२६ साठी ही रक्कम सुमारे १४.२२ लाख कोटी होती. चित्र काढताना मात्र ती पुन्हा मिळविण्यात आली. त्यामुळे चित्रातला रुपया ५०.६५ लाख कोटींचा नसून सुमारे ६४.८७ लाख कोटींचा आहे. अंश तोच राहिला, छेद बदलला.

चित्रात राज्यांच्या वाट्याचा विभाग नावानिशी दाखविलेला असल्याने लपवाछपवीचा आरोप येथे करता येत नाही. किंबहुना, स्थूल करउत्पन्नाचे काय होते हे दाखविण्यासाठी हा छेद उचितही म्हणता येईल. तथापि ‘केंद्र शासन आपला पैसा कशावर खर्च करते’ हा प्रश्न मनात धरून जो वाचक या चित्राकडे येतो, त्याला दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर मिळते आणि ते दुसऱ्याच प्रश्नाचे आहे याची जाणीव मिळत नाही. जमेच्या बाजूलाही हेच घडते. कर्ज व इतर देणी यांचा भाग चित्रात २४ पैसे आहे. वित्तीय तूट सुमारे १५.६९ लाख कोटी असल्याने केंद्राच्या स्वतःच्या खर्चाशी तिचे प्रमाण मात्र ३१ टक्के पडते. कर्जावर चालणारा भाग एक चतुर्थांशाहून कमी की जवळजवळ एक तृतीयांश, हा फरक क्षुल्लक नव्हे.

३

एकाच वर्षाच्या चित्रात छेदाचा हा परिणाम केवळ प्रमाणापुरता राहतो. दोन वर्षांची चित्रे शेजारी ठेवली म्हणजे तो निष्कर्षाची दिशाच बदलतो. २०२२-२३ च्या चित्रातही व्याजाचा विभाग २० पैसेच होता. दोन्ही चित्रे पाहणारा वाचक सहजच म्हणेल की या काळात व्याजाचा भार स्थिर राहिला.

आता केंद्राचा स्वतःचा खर्च हा छेद घ्यावा. २०२२-२३ च्या मूळ अंदाजात एकूण खर्च सुमारे ३९.४५ लाख कोटी आणि व्याज सुमारे ९.४१ लाख कोटी होते; प्रमाण २३.८ टक्के. २०२५-२६ मध्ये ते २५.२ टक्के झाले. या मापाने भार वाढला. चित्रात ही वाढ दिसत नाही, कारण त्याच अवधीत राज्यांच्या वाट्याचा विभाग १७ पैशांवरून २२ पैशांवर गेला आणि त्याने वर्तुळ फुगवून इतर सर्व विभाग आक्रसून टाकले.

तिसरा छेद महसुली जमेचा. कर्ज न काढता शासनाच्या हाती जे नियमित उत्पन्न येते, त्यातले किती व्याजात जाते, हा ऋणको म्हणून शासनाच्या स्थितीविषयीचा प्रश्न होय. २०२२-२३ मध्ये महसुली जमेचा अंदाज सुमारे २२.०४ लाख कोटी होता. व्याजाचे प्रमाण ४२.७ टक्के. २०२५-२६ मध्ये जमेचा अंदाज सुमारे ३४.२० लाख कोटी झाला, प्रमाण ३७.३ टक्क्यांवर उतरले. या मापाने भार कमी झाला.

अशा रीतीने एकाच व्याजाविषयी तीन विधाने हाती येतात : भार स्थिर आहे, भार वाढला आहे, भार घटला आहे. तिन्ही विधानांचे आकडे अधिकृत आहेत आणि तिन्हींचे गणित निर्दोष आहे. ज्याला शासनाची बाजू मांडावयाची असेल त्याला तिसरे सापडेल, ज्याला टीका करावयाची असेल त्याला दुसरे. प्रामाणिक अभ्यासकाला यातून एवढेच शिकावयाचे आहे की छेद सांगितल्याविना खर्चाचे प्रमाण सांगणे हे अर्धे वाक्य आहे.

४

वर्गीकरणाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. चित्रातील संरक्षणाचा विभाग ८ पैशांचा आहे. परंतु संरक्षण मंत्रालयाची एकूण तरतूद २०२५-२६ मध्ये सुमारे ६.८१ लाख कोटी, म्हणजे केंद्राच्या खर्चाच्या १३.४५ टक्के होती. या अंतराचे एक कारण वर सांगितलेला छेद होय. दुसरे वर्गीकरणात आहे. चित्रात धरलेला संरक्षणखर्च सुमारे ४.९२ लाख कोटींचा आहे. सैनिकांच्या निवृत्तिवेतनाचे सुमारे १.६१ लाख कोटी त्यात नसून निवृत्तिवेतनाच्या विभागात गेले आहेत, आणि मंत्रालयाचा नागरी खर्चही वेगळा पडला आहे. सैनिकाचे निवृत्तिवेतन हा संरक्षणाचा खर्च की निवृत्तिवेतनाचा? दोन्ही उत्तरे समर्थनीय आहेत. रेघ कोठे ओढावी याचा निर्णय मात्र चित्रकाराने आधीच केलेला असतो, आणि वर्तुळाच्या गुळगुळीत कडांमुळे तो निसर्गदत्त असल्याचा भास होतो.

पूर्णांक पैशांत आकडे देण्याचा संकेतही येथे लक्षात घ्यावयास हवा. २०२५-२६ च्या चित्रात एक पैसा म्हणजे सुमारे ६५ हजार कोटी रुपये. संरक्षणाचा विभाग २०२२-२३ मध्ये ८.१ पैसे होता, २०२५-२६ मध्ये तो ७.६ पैसे झाला. दोन्ही वेळी चित्रात ८ हाच आकडा छापला गेला. अर्ध्या पैशाचा हा फरक तीस हजार कोटींहून मोठा आहे.

वर्तुळाकृतीची मर्यादा शेवटी राहते. क्लीव्हलंड व मॅकगिल या अमेरिकन संशोधकांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून असे दिसून आले की समान मापपट्टीवरील स्थान डोळ्यास जितक्या अचूकपणे जोखता येते, तितक्या अचूकपणे कोन वा क्षेत्रफळ जोखता येत नाही. आठ पैशांचे चार विभाग वर्तुळात चार ठिकाणी विखुरलेले असता ते समान आहेत हे वाचकाला आकड्यावरूनच कळते, आकृतीवरून नव्हे. साध्या आडव्या स्तंभांनी हेच काम अधिक चांगले झाले असते. व्हिएन्नात १९२५ पासून ओटो नॉयरात याने जी चित्रपद्धती घडविली, तिचाही एक मूलभूत नियम असा होता की मोठी संख्या दाखविण्यासाठी चित्र मोठे करू नये, त्याच आकाराची चित्रे अधिक संख्येने काढावीत.

५

आकडे आता तक्त्यांच्या स्वरूपात सर्वांना उपलब्ध असल्यामुळे शासनाच्या चित्रावर अवलंबून न राहता अभ्यासकाला स्वतःचा आलेख काढता येतो. ही मोठीच सोय आहे. परंतु जो दोष अधिकृत चित्रात दाखविला तो स्वतःच्या चित्रात येणार नाही याची हमी केवळ स्वातंत्र्याने मिळत नाही.

अन्नधान्यावरील अर्थसाहाय्याचे उदाहरण बोलके आहे. २०१९-२० मध्ये त्यावरील प्रत्यक्ष खर्च सुमारे १.०९ लाख कोटी होता. २०२०-२१ मध्ये तो सुमारे ५.४१ लाख कोटी झाला. स्तंभालेखात हा स्तंभ शेजाऱ्याच्या पाचपट उंच उभा राहतो, आणि महामारीच्या वर्षात मोफत धान्य वाटले गेले हे ठाऊक असल्याने वाचक तेच एकमेव कारण समजतो. ते कारण खरे आहे, पण अपुरे आहे. त्यापूर्वीच्या वर्षांत भारतीय अन्न महामंडळाला अर्थसाहाय्याचा एक मोठा भाग अंदाजपत्रकातून न देता राष्ट्रीय अल्पबचत निधीच्या कर्जातून देण्यात येत होता. २०२०-२१ मध्ये ती कर्जे फेडण्याची तरतूद अंदाजपत्रकातच झाली. म्हणजे आधीचे स्तंभ वस्तुस्थितीपेक्षा बुटके होते आणि हा स्तंभ त्यांची थकबाकी पोटात घेऊन उंच झाला होता. खर्च जेव्हा झाला तेव्हा तो दिसला नाही. दिसला तेव्हा तो अंशतः जुना होता.

दीर्घ कालमालेत अशा भेगा अनेक आहेत. २०१७-१८ पासून योजना व योजनेतर खर्च हा भेद रद्द झाला आणि रेल्वेचे वेगळे अंदाजपत्रकही सर्वसाधारण अंदाजपत्रकात विलीन झाले; या वर्षापलीकडे रेषा सरळ ओढणे म्हणजे दोन वेगळ्या हिशेबांना एक समजणे होय. अंदाज, सुधारित अंदाज व प्रत्यक्ष आकडे यांची सरमिसळही सर्वत्र आढळते. २०२२-२३ चा मूळ अंदाज ३९.४५ लाख कोटींचा, तर प्रत्यक्ष खर्च ४१.९३ लाख कोटींचा होता. किंमतमानातील बदल व राष्ट्रीय उत्पन्न यांकडे दुर्लक्ष केल्यास तर कोणत्याही शासनाचा खर्च दर वर्षी ‘विक्रमी’च दिसेल.

६

वर्गीकरणाच्या रेषेमागे सत्तेची रेषा असते, हे तत्त्व मराठी अभ्यासकांस नवे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावरील ग्रंथात नेमके हेच दाखविले. नेमून दिलेल्या रकमांची, नेमून दिलेल्या महसुलाची व वाटून घेतलेल्या महसुलाची अशा तीन अवस्थांतून प्रांतांचे जमाखर्च गेले. कागदावर प्रांतिक अंदाजपत्रके निराळी दिसत. पण कर बसविण्याचा, खर्च ठरविण्याचा व कर्ज काढण्याचा स्वतंत्र अधिकार कायद्याने प्रांतांस नव्हता. हिशेबाची विभागणी म्हणजे वित्तीय स्वायत्तता नव्हे, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता.

प्रस्तुत चित्रास ही कसोटी लावली म्हणजे राज्यांच्या वाट्याच्या त्या २२ पैशांचा अर्थ उलगडतो. आता परिस्थिती उलट आहे. हा पैसा केंद्राने कृपेने दिलेला नाही. वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार तो संविधानाने राज्यांचा आहे, आणि म्हणूनच केंद्राच्या खर्चाच्या बेरजेत तो धरला जात नाही. ‘रुपया कोठे जातो’ या चित्रात मात्र तो केंद्राच्या हातून जाणाऱ्या सर्वांत मोठ्या खर्चाच्या रूपाने अवतरतो. महाराष्ट्रातील वाचकाला वाटावे की केंद्र राज्यांना देत आहे. वस्तुतः राज्यांचे राज्यांकडे जात आहे. लेखाशास्त्राने जी रेषा काळजीपूर्वक आखली ती चित्राने पुसून टाकली.

शासकीय खर्चाचा आलेख काढणाऱ्याने त्यावर चार गोष्टी नोंदविल्या पाहिजेत : छेद कोणता, आकडे कोणत्या टप्प्याचे, वर्गीकरण कोणाचे व कोणत्या वर्षापासूनचे, आणि रक्कम चालू किमतींची की स्थिर. या चार ओळींनी चित्र थोडे कुरूप होईल. परंतु शासनाचा खर्च हा करदात्याच्या संमतीचा विषय आहे, आणि कशाला संमती दिली जात आहे हे ज्या चित्रावरून कळत नाही, त्याचे सौष्ठव नागरिकाच्या उपयोगाचे नाही.