सर्वांत खालचा ट्रॅक

भाऊबीजेनंतर भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते, पुढे बैलांच्या शर्यतींचे शंकरपट सुरू होतात आणि रात्री नाटक असतं. वडशाहून आलेली नाटक मंडळी रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतात, तो खेळ पहाटेपर्यंत चालतो. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, या नाटकांचं हल्ली चित्रीकरणही होतं. त्यातली बहुतेक चित्रीकरणं नुसती नोंद असतात. लाखांदूर तालुक्यातल्या एका गावच्या नाटकाचं मात्र मी संकलकाच्या शेजारी बसून, टाइमलाइनसकट पाहिलं. ते संकलन संहितेसारखं वाचण्याजोगं आहे.

कॅमेरे तीन. एक प्रेक्षकांच्या मागे उंचावर, पूर्ण रंगमंच दिसेल असा वाइड. दुसरा डाव्या अंगाला, दोन-तीन पात्रं मावतील इतका. तिसरा उजवीकडे, चेहरे टिपणारा. मल्टिकॅमची सोय आता बहुतेक संकलन-सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिन्ही चित्रं शेजारीशेजारी चालू ठेवायची आणि कळा दाबत कट मारत जायचं. पाच-सहा तासांच्या नाटकाला तेच परवडतं. या माणसाने मात्र तिन्ही चित्रं एकावर एक ट्रॅकवर रचली. वाइड सर्वांत खाली, पहिल्या नांदीपासून शेवटापर्यंत अखंड. वरच्या ट्रॅकचा तुकडा काढला की खालचं चित्र आपोआप उघडं पडतं. वरच्या कॅमेऱ्याचं कार्ड भरलं, बॅटरी संपली, तरी पडदा काळा होत नाही, रंगमंच दिसतोच. सोय म्हणून केलेल्या या रचनेतून त्याची शैली घडली आहे. वाइड हे त्याचं घर आहे. प्रत्येक क्लोजअप तो कारण असेल तरच घेतो आणि कारण संपताच परततो.

झाडीपट्टीला हे फार मानवतं. हा अभिनय शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचायचा असतो. हात मोठे, आवाज मोठा. याच रंगभूमीवरच्या कामासाठी परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. असा अभिनय सतत जवळून दाखवला की तो भडक वाटू लागतो, आणि दोष नटाच्या माथी जातो. खरं तर दोष कटाचा असतो.

तिसऱ्या अंकातला एक प्रसंग घ्या. मुलाने धानाची बांधी परस्पर विकली आहे आणि तो आईला ते सांगतो आहे. मिनिटभर मधल्या कॅमेऱ्यावर दोघंही दिसतात, एकही कट नाही. मुलाच्या वाक्यात ‘विकली’ हा शब्द यायच्या आधीच चित्र आईवर जातं. शब्द आपण तिच्या चेहऱ्यावर ऐकतो. तो क्लोजअप बराच वेळ टिकतो. आई काही करत नाही, फक्त पदराचं टोक बोटाला गुंडाळते आणि सोडते. मुलगा पुढे बोलतच असतो, पण संकलक त्याच्याकडे वळूनही पाहत नाही. नंतर ती माइकपासून दूर, कडेला चालू लागते आणि तिच्या पहिल्या पावलावर वरचे दोन्ही ट्रॅक रिकामे होतात. मोठा रंगमंच, मध्ये बरंच अंतर, दोन माणसं. ऑर्गन त्यानंतर सुरू होतो. दुसऱ्या कुणी ऑर्गनच्या पहिल्या सुरावर कट मारला असता. इथे चित्र आधी मोकळं होतं आणि सूर त्या मोकळ्या जागेत येतो. मला हा सगळ्या खेळातला सर्वोत्तम क्षण वाटला.

आवाजाचं कामही तितकंच जागरूक आहे. मूळ ध्वनी मिक्सरवरून एकसलग घेतलेला, आणि कॅमेऱ्यांच्या ध्वनीलहरी त्याच्याशी जुळवून चित्रं सिंक केलेली. पण मागचा कॅमेरा रंगमंचापासून पस्तीसेक मीटरवर होता. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे तिथे तो सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने उशिरा पोचला. 25 फ्रेमच्या हिशेबात अडीच फ्रेम. लहरी तंतोतंत जुळवल्या तर वाइडमध्ये ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो. सॉफ्टवेअरने जुळवून दिल्यावर त्याने तो खालचा ट्रॅक हाताने दोन फ्रेम उजवीकडे सरकवला. तिन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं रात्रभरात थोडी थोडी फाकतात, म्हणून दर अंकाला जुळवणी नव्याने केली. वाइडवर परतताना कुठेच ठेच लागत नाही, ते यामुळे.

प्रॉम्प्टरचा आवाजही त्याने पुसलेला नाही. एका मंडळीची अनेक नाटकं हंगामात रोज आलटूनपालटून होतात, तेव्हा प्रॉम्प्टर हा या रंगभूमीचा कणाच. आईच्या त्या प्रसंगात कान दिला तर तिचं वाक्य आधी हळू आवाजात ऐकू येतं. ते तिने कसं उचललं आणि किती थांबून म्हटलं, हे त्यामुळेच कळतं.

लावणीत मात्र हा संयम सुटतो. तबल्याच्या प्रत्येक थापेला कट आहे, पावलं धड दिसत नाहीत. नाच अंगभर पाहायचा असतो. इथेच वाइड सर्वांत जास्त हवा होता. एका कॅमेऱ्याचा रंगही दिव्यांखाली हिरवट राहिला आहे, पण ते दुय्यम.

आणखी एक उणीव प्रेक्षकांची. 1951 मध्ये अमेरिकेत ‘आय लव्ह लूसी’ ही मालिका समोर प्रेक्षक बसवून तीन फिल्म कॅमेऱ्यांवर चित्रित होऊ लागली. त्या प्रेक्षकांचं हसू हा त्या मालिकेचाच भाग झाला. इथे हसू, हुंदके, वन्स मोर सगळं ऐकू येतं, पण दिसतात ती फक्त डोकी, तीही पाठमोरी. आई कडेला जाते तेव्हा बायकांच्या बाजूने एक आवाज उठतो. तो चेहऱ्यासकट पाहायला मिळायला हवा होता. पुढच्या हंगामात चौथा कॅमेरा रंगमंचाकडे पाठ करून लावावा, आणि त्याचा ट्रॅक वाइडच्या लगेच वर ठेवावा.