स्टुअर्ट हॅम्ब्लेन : साक्ष आणि गीत

गायकाचे मतपरिवर्तन झाले की त्याच्या चरित्राचे दोन तुकडे पाडण्याचा मोह चरित्रकारास होतो. अमेरिकन गीतकार स्टुअर्ट हॅम्ब्लेन यांच्या आयुष्यातील घटना तर या मोहास पोषकच आहेत. टेक्सासमधील केलीव्हिल येथे १९०८ साली त्यांचा जन्म झाला. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक. पुढे लॉस एंजेलिसच्या रेडिओवरील गाणारा काउबॉय म्हणून हॅम्ब्लेन यांनी लौकिक मिळविला व त्याबरोबरच मद्य, जुगार आणि शर्यतीचे घोडे यांचा नादही जोडला. १९४९ साली त्याच शहरी बिली ग्रॅहम यांच्या तंबूतील सभा चालू असता ते पुन्हा श्रद्धेकडे वळले. बिअरची जाहिरात करण्याचे नाकारल्यामुळे रेडिओवरील कार्यक्रम गेला. १९५२ मध्ये दारूबंदी पक्षातर्फे त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढविली आणि त्यांना ७२,९४९ मते पडली.

हे धर्मांतर नव्हे, पित्याच्या घरी परतणे होय. आणि गीतरचनेकडे पाहता तेथे दुभंग असा आढळत नाही. विषय बदलला, बोली मात्र गुराख्यांचीच राहिली.

‘इट इज नो सीक्रेट’ (१९५०) हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध भक्तिगीत. इतरांस लाभलेली कृपा श्रोत्यासही लाभेल, असे त्यातील आश्वासन आहे. परंतु या आश्वासनाचे बळ बव्हंशी गाणाऱ्याच्या ज्ञात पूर्वायुष्यातून येते. ते बाजूस सारले तर उरते ती सद्भावना. तिला काव्य म्हणवत नाही.

‘दिस ओल हाउस’ (१९५४) याची गोष्ट निराळी. शिकारीस गेले असता डोंगरातील पडक्या झोपडीत मरून पडलेला वृद्ध व त्याची राखण करणारा कुत्रा हॅम्ब्लेन यांना दिसला आणि त्यावरून हे गीत सुचले, अशी हकिकत सांगतात. छप्पर, बिजागऱ्या, खिडक्यांच्या काचा अशा किरकोळ मोडतोडीच्या वर्णनातून येथे देह उभा राहतो. घर म्हणजे देह ही प्रतिमा पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राइतकी जुनी. पण हॅम्ब्लेन तिची उकल करीत बसत नाहीत. दुरुस्तीचा विचारच सोडलेला घरमालक निघण्याच्या तयारीत आहे, एवढे पुरते. गाणाऱ्याने कधी दारू सोडली होती, हे येथे कळण्याची गरज नाही.

हे गीत रोझमेरी क्लूनी यांनी त्याच वर्षी गाऊन अमेरिकेत व ब्रिटनमध्ये अग्रस्थानी नेले. १९८१ मध्ये शेकिन स्टीव्हन्स यांनी ते ब्रिटनमध्ये पुन्हा तेथवर पोहोचविले. नाचऱ्या चालीमुळे मृत्यूचा आशय हरवला, असा आक्षेप घेता येईल. तो अर्धाच खरा आहे. निघणाऱ्यास दुःखच नाही, तेव्हा चाल उल्हासाची असणे अर्थाला धरूनच आहे. दोष असलाच तर तो क्लूनी यांच्या ध्वनिमुद्रिकेतील थर्ल रेव्हन्सक्रॉफ्ट यांच्या खर्जातील साथीचा : ती ऐकताना हसू येते, आणि त्या हसण्यात घराची पडझड तेवढी ध्यानात राहते, निघालेला माणूस राहत नाही.