पाण्यातील भय

‘हाफ-लाइफ’ (१९९८) या संगणकीय खेळाचा नायक गॉर्डन फ्रीमन पदार्थविज्ञानाचा पंडित. पण पाण्यात विद्येपेक्षा श्वास मोलाचा. तेथला इक्थिओसॉर हा विक्राळ जलचर निदान मारता येतो: पिंजऱ्यातून उतरावे, तेथला क्रॉसबो उचलावा, नेम धरावा. २००४ च्या दुसऱ्या भागात मात्र समुद्रच वैरी झाला आहे. किनारा सोडून दूर पोहताच जळवा तुटून पडतात. त्यांवर शस्त्र चालत नाही, माघार हाच उपाय. हे रचनाकाराने घातलेले कुंपण आहे, असा आक्षेप येईल. कुंपण आहेच, पण ओसरलेल्या समुद्रापुढे कोरडे पडलेले धक्के पाहिले, की ते खरे वाटते. परक्यांनी जिंकलेल्या पृथ्वीवर समुद्रही माणसाचा उरला नाही, हे एक शब्द न उच्चारता कळते. कादंबरीकाराने हेवा करावा, असे हे मौन आहे.