पुस्तक परीक्षण : हेन्स यांच्या मोटार-दुरुस्ती पुस्तिका

घरच्या घरी मोटार दुरुस्त करू पाहणाऱ्यांसाठी इंग्लंडमधील जॉन हेन्स यांनी सुरू केलेली पुस्तकमाला जगभर पोहोचली. शाळेत असतानाच त्यांनी ऑस्टिन सेव्हन मोटारीविषयी एक पुस्तिका लिहिली होती. पुढे हवाई दलात असताना एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट जोडताना, कारखान्याची पुस्तिका सामान्य माणसाच्या उपयोगाची नाही हे त्यांच्या ध्यानात आले. १९६६ मध्ये याच मोटारीवर मालेतील पहिले पुस्तक निघाले. मोटार स्वतः खोलायची, पुन्हा जोडायची, टप्प्याटप्प्याला छायाचित्रे घ्यायची आणि मगच लिहायचे, ही या मालेची पद्धत. प्रयोग न करताच प्रयोगवही भरून घेण्याच्या आपल्या सवयीपुढे हा प्रामाणिकपणा उठून दिसतो.

मात्र 'कसे' हे चोख सांगणारी ही पुस्तके 'का' विचारले की बहुधा गप्प होतात. ऑइल पंप काढून तपासण्याचे काम घ्या. स्प्राइटच्या इंजिनात हा पंप मागच्या बाजूला असतो आणि कॅमशाफ्टमुळे फिरतो. त्याच्यापर्यंत पोहोचायला क्लच आणि फ्लायव्हील उतरवावे लागते. पंप उघडला की आतला रोटर व बाहेरचे कडे यांमधील फट फीलर गेजने मोजायची. ती तक्त्यातील मर्यादेपेक्षा जास्त भरली, तर पंप बदलायचा. ही मर्यादा असते मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांची. एवढ्याशा फटीने काय बिघडते?

अरुंद फटीतून होणारी तेलाची गळती फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली, तर तेवढ्याच दाबाखाली गळती आठपट होते. शिवाय इंजिन तापले की तेल पातळ होते. म्हणूनच झिजलेला पंप सकाळी ठीक वाटतो आणि तापलेले इंजिन मंद चालू असताना तेलाच्या दाबाचा दिवा लागतो. एवढे सांगितले असते, तर तक्ता हाच एक धडा झाला असता.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पंप तेल ढकलतो. दाब तयार होतो तो पुढच्या वाटेतील अडथळ्यामुळे. बेअरिंगे झिजून तिथल्या फटी वाढल्या, तर निर्दोष पंप असूनही दाब कमी येतो. केवळ दाब कमी आहे म्हणून पंप बदलणे हा घाईचा निष्कर्ष होय.

तिसरा आक्षेप या मालेच्या ठराविक सूचनेवर आहे : भाग बसवताना काढण्याच्या उलट क्रमाने जावे. नटबोल्टांना हे लागू पडते, पंपाला पुरते नाही. काढताना तो तेलाने माखलेला असतो, धुऊनपुसून बसवताना कोरडा. फटी बंद करणारा तेलाचा थरच नसल्याने कोरडा पंप हवा खेचत राहतो आणि तेल वर चढत नाही. तेवढ्या वेळात बेअरिंगे कोरडी घासतात. म्हणून बसवण्यापूर्वी पंपात तेल भरावे लागते. अशी सूचना पुस्तकात आली, तरी तिचे कारण वाचकालाच शोधावे लागते.

आपल्या प्रयोगपुस्तिकांतही 'कृती' आणि 'निष्कर्ष' यांच्यामध्ये हीच जागा रिकामी असते. शाळेच्या ग्रंथालयात हेन्स यांचे एखादे पुस्तक जरूर असावे. वर्गात ते उघडताना प्रत्येक कृतीपुढे 'असे का?' हा प्रश्न मात्र शिक्षकांनीच विचारायला हवा.